साखरेच्या पाकातल्या टोपल्या

क्रोशाची टोपली कुणी भेट दिली, की मी ती आधी उलटी करते आणि नाकाशी धरते. देणाऱ्याला ते आवडत नाही. मागच्या महिन्यात सुनेच्या मैत्रिणीनं वाशीहून येताना एक आणली. गुलाबी, कडेला मणी लावलेली, किल्ल्या ठेवायला. मी वास घेतला तशी सून म्हणाली, "आई, टोपली आहे ती, मासळी नाही." मासळीचं मला काही वाटत नाही. मासळी बिघडली की स्वतःहून कळवते. टोपली कळवत नाही. रात्रभर गरम पाण्यात बुडवून ठेवल्याशिवाय मी तिला घरात जागा देत नाही.

ही सवय मला उरणला लागली, साठ सालच्या आसपास, आत्याच्या घरी.

आमचं गाव खाडीच्या काठाला, मिठागरांना लागून. आज तिथे कंटेनरच्या रांगा असतात. तेव्हा बांध, चिखल आणि मिठाच्या राशी, एवढंच होतं. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर उरणला राहावं लागे. उरणला वडिलांची धाकटी बहीण होती. तिचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, मिठाच्या ऑफिसात कारकून. वडील डोक्यावरून मीठ वाहायचे आणि आतोबा त्याच मिठाच्या जिवावर खुर्चीत बसायचे. एवढ्याशा फरकावर आत्यानं आपला सगळा संसार उभा केला होता.

आठवीला मी तिच्याकडे गेले, तेव्हा पत्र्याची पेटी खाली ठेवायच्या आधीच तिनं सांगितलं, "इथे 'हाय' म्हणायचं नाही. 'आहे'. 'पानी' नाही, 'पाणी'. आणि मला 'आते' म्हणून हाक मारायची नाही. आत्या. अहो आत्या."

वडील शेजारीच उभे होते. ते हसून म्हणाले, "गो, तुला मी कडेवर घेऊन फिरवलाय, मी पन अहो बोलू काय?"

आत्या हसली नाही.

तिच्या घरात जिकडे बघावं तिकडे क्रोशाच्या टोपल्या. कंगव्याला टोपली, साबणाला टोपली, आतोबांच्या चष्म्याला, देवाच्या वातींना, अडकित्त्याला. खिडकीत एक टांगलेली, तिच्यात कागदाची फुलं. अंडी ठेवायलाही एक होती, आणि त्या घरात अंडी येत नाहीत असं आत्या शेजारी सांगायची. बसायला गेलं की कुठली तरी टोपली आधी उचलावी लागे, आणि उचलली की ती बोटांना चिकटून येई.

चिकटायचं कारण साखर. सुती दोऱ्याची टोपली विणून झाली की ती मऊ पडते, टोपीसारखी. तिला उभं राहायला खळ लागते. आत्या खळ करत नसे, साखरेचा दाट पाक करी. त्यात टोपली बुडवायची, पिळायची आणि उपड्या वाटीवर नाहीतर पेल्यावर ताणून उन्हात ठेवायची. वाळली की काचेसारखी कडक होते, चमकतेही. उन्हाळ्यात ती तशी टिकते. जरा दमट हवा पडली, आणि खाडीकाठी ती पडतेच, की घाम आल्यासारखी ओली होते. मग तिच्यावर धूळ बसते, केस बसतात, माश्या बसतात. बसलेल्यांतल्या काही उठत नाहीत. मी एकदा आत्याला कंगव्याच्या टोपलीतून टाचणीनं माशी उकरताना पाहिलं. माशी निघाली, एक पाय टाक्यात राहिला. तिनं टोपली फिरवली, तो भाग भिंतीकडे केला आणि म्हणाली, "दिसत नाही आता."

तिच्या घराचा कारभार या तीन शब्दांवर चाले. ज्या वाटीवर टोपली वाळे, तीच वाटी दुपारी आमटी घेऊन माझ्या पानात येई. काठाला हात लावला की गोड लागे. मी एकदा ती परत घासायला नेली तर आत्या म्हणाली, "साखरच आहे. विष नाही."

पहिल्याच महिन्यात मी तिला सांगितलं होतं, "आत्या, भाताच्या पेजेत बुडवा. कडक होतील आणि चिकटणार नाहीत. आई लुगड्यांना घालते तशी."

"पेज गावात," आत्या म्हणाली. "चांगल्या घरातल्या बायका पाकात घालतात. मी मुंबईला एका मडमेकडे शिकलेय."

मडम मी कधी पाहिली नाही. आत्याचा हात मात्र पाहिला. सुई धरताना करंगळी वर, दोरा अंगठ्याखालून दोनदा फिरवलेला, आणि दर टाक्यानंतर मनगटाला एक बारीक झटका. माझे वडील खाडीत फेकायचं जाळं विणताना अगदी तस्साच झटका द्यायचे. तो मलाही त्यांनीच शिकवला होता, आणि त्या दोघा भावंडांना माझ्या आजोबांनी. आत्या जाळंच विणत होती, फक्त पांढऱ्या दोऱ्याचं आणि काही न पकडणारं. मी हे बोलले नाही. पण माझा हात तिच्यापेक्षा भरभर चालतो हे तिनं आठवड्याभरात ओळखलं आणि सुई माझ्या हातात आली. तेव्हापासून टोपल्या मी विणायच्या आणि शेजारणींपुढे ठेवताना आत्यानं म्हणायचं, "बसल्या बसल्या केली हो, वेळ जात नाही ना."

तीन वर्षं मी विणल्या. जेवत होते, झोपत होते, शाळेत जात होते. त्याबद्दल विणायच्या असं मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं, आणि तक्रार करण्यासारखं त्यात काही मानलं नव्हतं.

अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्षी दिवाळीनंतर मिठाच्या ऑफिसात नवे साहेब आले. त्यांची बायको पुण्याकडची. मोरा बंदराच्या धक्क्यावर लाँचमधून उतरताना आत्यानं तिला लांबून पाहिलं आणि घरी आल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवायचं. आणि वाण काय द्यायचं ते मी ठरवलंय."

वाण म्हणजे हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईला द्यायची वस्तू. कुणी फणी देई, कुणी आरसा, कुणी वाटी. आत्यानं ठरवलं होतं टोपली. बारकी, दांडीची, आत कागद घालून तिळगूळ भरलेली. चाळीस बायका, चाळीस टोपल्या.

त्याच आठवड्यात शाळेतून मॅट्रिकच्या परीक्षेचा फॉर्म मिळाला. त्यावर पालकाची सही हवी. शाळेत पालक म्हणून नाव होतं आतोबांचं.

"आत्या, फॉर्मवर आतोबांची सही हवी आहे."

"ठेव तिथे." तिथे म्हणजे कोनाड्यातल्या मोठ्या टोपलीत, जिच्यात ती पत्रं ठेवी.

"उद्या दिला तर बरं."

"शेवटचा दिवस कधी?"

"संक्रांतीनंतर दोन दिवसांनी. पण—"

"मग पण कसला? आधी टोपल्या. टोपल्या झाल्या की सही. नाहीतर मी तुझ्या बापाला निरोप धाडते, ये आणि पोर घेऊन जा."

आतोबा दारातच उभे होते. त्यांचं पेन खिशात होतं. पण घरात पेन काढायच्या आधीसुद्धा ते आत्याकडे बघत. त्यांनी बघितलं, आणि चपला घालून बाहेर गेले.

घरी परत जाणं म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्याबरोबर सातवी झालेल्या दोघी मिठागरावर पाट्या वाहत होत्या. त्यांच्या टाचांना मिठानं भेगा पडल्या होत्या. सुट्टीत गेले की त्या पाय पसरून बसत आणि सुईनं भेगांतले खडे काढत. मी बघत बसे. ती सुई माझ्या हातात येऊ द्यायची नाही, एवढंच मी ठरवलं होतं. मॅट्रिक झाले तर मास्तरीण होता येणार होतं.

मग मी विणत सुटले. पुस्तक गुडघ्याखाली दाबून उघडं ठेवायचं, डोळे पुस्तकावर, हात दोऱ्यात. सहा साखळ्यांचा गोल, त्यात बारा खांब, मग दर ओळीला वाढवत न्यायचं. राजांच्या लढाया मला आजही खांबांच्या ओळींवर आठवतात. पस्तिसावी टोपली होईतो बोटाच्या पेराला सुईनं भोक पडलं होतं. रक्त एका टोपलीच्या बुडाला लागलं. आत्यानं तिथे कुंकवाचा ठिपका लावला. "शुभ दिसतं," म्हणाली.

पेजेचं मी पुन्हा एकदा काढून पाहिलं. "साहेबाच्या बायकोला पेजेचा वास दाखवू?" एवढंच उत्तर मिळालं. चाळीस टोपल्या पाकात गेल्या. मीच बुडवल्या. हात कोपरापर्यंत गोड, केस मागे सारले तर केस गोड. दोन दिवस माझ्यामागून माश्या शाळेत आल्या.

संक्रांतीला दोन दिवस होते तेव्हाच आत्यानं तीळ भाजले, गूळ कुटला, खोबरं किसून त्यात मिसळलं. आमच्याकडे लाडू वळत नाहीत, तिळगूळ सुटाच असतो. ऐन सणाला घाई नको म्हणून तिनं तो चाळीस टोपल्यांत भरून टाकला आणि टोपल्या पलंगाखालच्या ट्रंकेत एकावर एक रचल्या. मी म्हटलं, "टोपल्या झाल्या. सही."

"संक्रांत होऊ दे. साहेबाच्या बायकोनं हातात घेऊ दे."

संक्रांतीच्या सकाळी चहा झाल्यावर तिनं ट्रंक ओढली. मी मागे उभी होते. भिंतीच्या फटीतून निघालेली एक तांबडी रेघ फरशीवरून ट्रंकेच्या कडीपर्यंत गेलेली मला आधी दिसली. मी बोलायच्या आत तिनं झाकण उघडलं.

टोपल्या हलत होत्या. सगळ्या. वाऱ्यानं पाणी थरथरतं तशा. पांढरा दोरा कुठे दिसत नव्हता. दांड्यांवर मुंग्या, विणीच्या भोकांतून मुंग्या, तिळगुळात मुंग्या, आणि त्यांच्याखाली, सगळ्यांत तळाच्या टोपलीत, मिशा हलवत बसलेलं एक झुरळ. 

आत्या मट्कन खाली बसली. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून गाव बाहेर पडलं. "गो बाय माझे! आता काय करू गो मी! साहेबाची बायको येनार हाय! सगल्या जनी हसतील मना!"

मी कोनाड्याकडे बोट केलं. "फॉर्म."

"काय?"

"आधी सही. मग टोपल्या."

"तुला आता फॉर्म सुचतो? जरा लाज?"

"चार वाजेपर्यंत तुला टोपल्या हव्यात. मला सही हवी." मी तिला तू म्हणाले. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

तिनं आतोबांना हाक मारली. मी कोनाड्यातली टोपली खाली काढली. तीही पाकातलीच. फॉर्म तिच्या बुडाला चिकटून बसला होता. मी नखानं सोडवत सोडवत तो वर काढला. एक कोपरा झुरळांनी कुरतडून टाकला होता, कागदभर त्यांचे काळे ठिपके होते, आणि जिथे पालकाची सही करायची बरोबर त्या रेघेवर झुरळाची अंड्यांची पिशवी डकवलेली होती, चवळीच्या दाण्यासारखी, तपकिरी आणि तुळतुळीत. नाव शाबूत होतं. रेघ शाबूत होती. आतोबांनी ती पिशवी नखानं उडवली, बोट धोतराला पुसलं, पेन काढलं आणि आत्याकडे न बघता सही केली. मी शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, फॉर्मची घडी केली आणि पोलक्यात खोचली.

मग कामाला लागले. मोठ्या हंड्यात पाणी उकळलं आणि तिळगूळ सुपात रिकामा करून एकेक टोपली पाण्यात सोडली. पाण्यावर मुंग्यांची साय धरली. ती वाडग्यानं काढून टाकायची, पाणी बदलायचं, पुन्हा. तीन पाण्यांनी पाक गेला. दुसऱ्या चुलीवर तांदळाची पेज दाट होत होती. टोपल्या तिच्यात बुडवल्या, पिळल्या, आणि घरात होती नव्हती ती वाटी, पेला, फुलपात्र बाहेरच्या ओट्यावर उपडं घालून त्यांच्यावर ताणल्या. पौषातलं कोरडं ऊन आणि खाडीवरचा वारा. तीन वाजता त्या खडखडीत वाळल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र. पाकात कधी दिसल्या नव्हत्या इतक्या नीटस.

हे सगळं होईपर्यंत आत्या मागच्या पडवीत सूप घेऊन बसली होती. ती तिळगूळ पाखडत होती. मी गेले तेव्हा तिचा हात बघत राहिले. उडवणं, झेलणं, मनगटाचा झटका. गावातली म्हातारी बाईसुद्धा इतकं सफाईनं पाखडत नाही. मुंग्या उडून कडेला पडत होत्या, सगळ्या नाही.

"हे परत भरणार?"

"मग? एवढे तीळ, एवढं खोबरं, आता कुठून आणू?"

"फेकून दे. नुसत्या टोपल्या दे."

"संक्रांतीला रिकामी टोपली? वेड लागलं का तुला?" तिनं मूठभर तिळगूळ माझ्या डोळ्यांपुढे धरला. "बघ. तीळ तांबूस, मुंगी तांबूस. दिसत नाही."

खरंच दिसत नव्हत्या. उन्हानं आणि पाखडण्यानं त्या मेल्या होत्या आणि तिळांसारख्याच वळल्या होत्या. माहीत असलेल्यालाच कळलं असतं.

पाच वाजता बायका आल्या. साहेबांची बायको सर्वांत शेवटी. वयानं लहान, जेमतेम पंचवीस, नाकात साधी चमकी, बोलणं मोकळं. आत्यानं तिला कुंकू लावलं आणि टोपली हातात दिली.

"अय्या, किती सुबक! आणि बसलीये काय कडक. पेजेत घातलीत ना?"

आत्यानं माझ्याकडे बघितलं.

"माझी आई पेजेतच घालते," ती पुढे म्हणाली. "काही बायका पाकात घालतात. शी! मुंग्या होतात हो त्याला."

"छे, छे," आत्या म्हणाली. "पाक कोण घालतं!"

मी पाण्याचं तबक घेऊन उभी होते. हसू आलं असतं, पण त्याच वेळी त्या बाईनं चिमूटभर तिळगूळ तोंडात टाकला. तिनं चावला. थांबली. पुन्हा चावला.

"काही निराळंच लागतंय. किंचित आंबट. लिंबू पिळलंय का?"

मी तोंड उघडलं असतं तर त्याच मिनिटाला सगळं संपलं असतं. माझं तोंड उघडलं नाही. परीक्षेला अजून दोन महिने होते आणि ते मला याच छपराखाली काढायचे होते.

"हो," आत्या म्हणाली. "आमच्याकडे तशी पद्धत आहे."

"छानच लागतं." दोन-तीन जणींनी लगेच चाखून पाहिलं. एकीनं किती लिंबं लागतात ते विचारलं. आत्यानं सांगितलं, दोन. पुढच्या संक्रांतीला उरणातल्या निदान दोन घरांत तिळगुळात लिंबू पिळलं गेलं, आणि तो मऊ पडला म्हणून त्या बायका आत्याला विचारायला आल्या.

जायला निघाली तेव्हा साहेबांची बायको माझ्यापाशी थांबली. "अकरावीला ना गं तू? अभ्यास कर हं." आणि आपल्या टोपलीतला तिळगूळ तिनं माझ्या तळहातावर ठेवला. तिळगूळ नाकारायची पद्धत नाही. तो नंतर खाईन म्हणून ठेवूनही द्यायचा नाही, देणाऱ्यासमोर खायचा असतो. तिच्या खांद्यावरून आत्या माझ्याकडे बघत होती. घाबरून बघत होती, हे मला तेव्हाही कळलं आणि त्याचं मला काडीचंही वाटलं नाही.

माझ्या हातावरच्या तिळांत मला दोन दिसल्या. माहीत होतं म्हणून दिसल्या. मी सगळं तोंडात टाकलं, चावलं आणि गिळलं. आंबट लागलं. पोलक्यातल्या फॉर्मचा चिकट कोपरा माझ्या कातडीला लागत होता.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडायच्या आधी मी ऑफिसच्या दारात उभी होते. तिथल्या कारकुनानं फॉर्म दोन बोटांत धरून उजेडाकडे केला.

"हे काय? उंदरानं खाल्लं का?"

"झुरळानं."

"सही आहे ना?"

"आहे."

त्यानं फॉर्म झटकला. घडीतून एक मुंगी टेबलावर पडली, जिवंत, आणि धावायला लागली. ती त्यानं अंगठ्यानं दाबली, अंगठा टेबलाच्या कडेला पुसला आणि फॉर्मवर शिक्का मारला.